एकविसावा दिवस, सत्तरावा दिवस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची वजनांची वही, दोन्ही सावकाश वाचलं. वहीत मोठ्या सशांची वजनं पानोपानी आहेत, पिल्लांची मात्र कुठे कुठे, तीही वेगवेगळ्या वयांची. तुझे न्यूझीलंड व्हाइट जातीचे, मांसासाठी पाळलेले ससे दहा आठवड्यांना दोन किलोवर का अडकतात, याचं उत्तर आज मला देता येणार नाही ते त्यामुळेच. पण फ्लेमिश जायंट या थोराड जातीचा नर आणून एकदा रक्त बदलावं का, या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: नको.

फ्लेमिश सहा किलोच्या पुढे सहज जातो, पण त्याची वाढ लांबलेली असते. आधी सांगाडा वाढतो, मांस मागाहून भरतं. दहाव्या आठवड्याला तुझ्या हाती लांब हाडांचं, पाठीवर पोकळ लागणारं पिल्लू येईल. शिवाय तुला शुद्ध जात राखायची आहे. एकदा मिसळलेलं रक्त पहिल्या पिढीत निम्मं, मग पाव, मग अष्टमांश असं उतरत जातं, आणि अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या नोंदणीला तीन पिढ्यांची वंशावळ लागते. इतकी वर्षं घालवून तू पुन्हा जिथून निघालीस तिथेच येशील. न्यूझीलंडच्या प्रौढ नराचं प्रमाण वजन साधारण ४.१ ते ५ किलो, मादीचं ४.५ ते ५.४ किलो. त्याला वरचीही मर्यादा आहे, हे लोक विसरतात. तुला पाच किलोच्या जागी सहा किलोचा ससा नको आहे. त्याच जातीचा, पण दोन किलोवर आठ-दहा दिवस आधी पोचणारा ससा हवा आहे. मोठ्या अंगाची मादी वर्षभर जास्त खाते, जाळीवर तिचे तळवे लवकर सोलवटतात, आणि तिचा तो वाढीव खर्च पिल्लांच्या वजनातून वसूल होईलच असं नाही.

आता मुख्य गोष्ट. पिल्लाचं वजन करताना आपण नेमकं कोणाचं वजन करतो, हे आधी ठरव.

मादीचं दूध व्याल्यानंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सर्वात जास्त असतं, आणि पिल्लं अठराव्या-विसाव्या दिवसापासून खाद्याला तोंड लावायला लागतात. म्हणून एकविसाव्या दिवशी सगळ्या वेताचं मिळून जे वजन भरतं, तो आईच्या दुधाचा आकडा असतो. तो मादीच्या नावावर लिही, पिल्लाच्या नावावर नाही. पुढे पस्तिसाव्या दिवशी दूध तोडल्यावर एकेका पिल्लाचं वजन घे आणि पुन्हा सत्तराव्या दिवशी घे. या दोन वजनांतला फरक हा पिल्लाचा स्वतःचा. समजा पस्तिसाव्या दिवशी ८५० ग्रॅम आणि सत्तराव्या दिवशी २०५० ग्रॅम. ३५ दिवसांत १२०० ग्रॅम, म्हणजे रोजचे ३४ ग्रॅम. पैदाशीला कोण ठेवायचं हे ठरवताना हा रोजचा आकडा आणि सत्तराव्या दिवसाचं वजन, दोन्ही समोर ठेव.

इथे एक फसगत आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक नवख्याच्या पिंजऱ्यात दिसते. खुराड्यातलं सगळ्यात टपोरं पिल्लू उचलून पैदाशीला ठेवलं जातं. ते टपोरं का, तर बऱ्याचदा ते तीन-चार पिल्लांच्या वेतातलं असतं आणि दूध त्याच्या वाट्याला भरपूर आलेलं असतं. त्याच्या रक्तात जास्त वाढ आहेच असं नाही. त्याच्या आईला पिल्लं कमी झाली एवढंच खरं. दर पिढीला असंच निवडत गेलीस तर वजन फारसं हलणार नाही आणि वेतातली पिल्लं मात्र कमी होत जातील. खाण तशी माती म्हणतात, पण इथे खाण कोणती तेच चुकीचं ओळखलेलं असतं. म्हणून पैदाशीची पिल्लं सात-आठ पिल्लांच्या वेतातूनच घे, आणि एकाच वेतातल्या भावंडांत सगळ्यांच्या पुढे गेलेलं घे. आठ जणांत दूध वाटून घेऊनही जे पुढे गेलं, त्याच्यात काहीतरी आहे.

सोय असेल तर दोन-तीन माद्या एकाच दिवशी फळव. गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा, त्यामुळे त्या मागेपुढे व्यातात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लं इकडची तिकडे करून प्रत्येकीखाली आठ-आठ करता येतात. मादीला सड साधारण आठ ते दहाच असतात, त्यापलीकडे ताणू नकोस. हलवलेल्या पिल्लाच्या कानावर खूण आणि वहीत नोंद हवी, नाहीतर वंशावळीचा घोळ होतो. आणि मादी पिल्लांजवळ बसत नाही म्हणून जे घाबरून लिहिलं आहेस, त्याची काळजी सोड. सशाची मादी दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते. तिचं दूध गायीच्या दुधापेक्षा फार घट्ट असतं, तेवढं पुरतं. पोट तट्ट भरलेलं दिसलं की झालं.

किती वेगाने सुधारणा होईल, असं विचारलंस. गणित सोपं आहे, फक्त मन खट्टू करणारं आहे. वाढीच्या बाबतीत दिसणाऱ्या फरकातला साधारण पाव हिस्सा पुढच्या पिढीत उतरतो असं धरून चाल. सत्तराव्या दिवशी कळपाची सरासरी २ किलो आणि निवडलेल्या नर-माद्यांची २.३ किलो, तर फरक ३०० ग्रॅम, पुढच्या पिढीच्या पदरात सुमारे ७५ ग्रॅम. नर वरचढ पण माद्या सरासरीच्याच असतील तर त्याच्याही निम्मे. वेतातल्या पिल्लांच्या संख्येचं याहून अवघड आहे, तिथे दहावा हिस्सासुद्धा मुश्किलीने उतरतो. म्हणून ती निवडून वाढवण्यापेक्षा आधी घालवायची नाही, एवढं पाहा. एक नर आठ-दहा माद्यांना पुरतो, त्यामुळे नर फार थोडे लागतात आणि निवड कडक करता येते. वीस नर पिल्लांतून एखादाच ठेव. बाकीचे कितीही देखणे असले तरी मांसाला.

तुलना नेहमी एकाच महिन्यातल्या, एकाच खाद्यावरच्या पिल्लांची. तापमान तिशीच्या पुढे गेलं की ससा खाणं कमी करतो, उन्हाळ्यातलं १.८ किलोचं पिल्लू थंडीतल्या २ किलोच्या पिल्लापेक्षा सरस असू शकतं. फार दिवस उकाडा राहिला तर नराचं वीर्यही काही आठवडे उतरतं, तेव्हा मादी रिकामी राहिली की लगेच तिच्या नावाने खडे फोडू नकोस. पहिल्या वेतावरूनही मादीचा निकाल लावायचा नाही. दुसरं-तिसरं वेत पाहा.

खाद्याबद्दल फार लिहीत नाही. वाढत्या पिल्लांना १६ ते १८ टक्के प्रथिनांची गोळी हवी तेवढी, पाणी चोवीस तास, आणि तंतू भरपूर. घाईने धान्य वाढवलंस तर दूध तोडल्यानंतरच्या पंधरवड्यात हगवण लागून निम्मं वेत जाईल. सशाचं आतडं पिठाळ खाद्याचा मारा सहन करत नाही. दूध न पाजणाऱ्या प्रौढ माद्यांना मात्र मोजूनच घाल, चरबी चढली की त्या गाभण राहत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं, चाचणी चालू असताना खाद्य बदलू नकोस. खाद्य आणि नर एकदम बदलले, तर वजन कशामुळे वाढलं ते कोणालाच सांगता येणार नाही.

सगळीच्या सगळी पिल्लं मागे पडत असतील, पोटं सुटलेली आणि पाठीचा कणा हाताला लागणारा असेल, तर रक्ताला दोष देण्याआधी लेंड्या तपासून घे. कॉक्सिडिया हा सूक्ष्म परजीवी यकृतात बसला की उत्तम वंशाचं पिल्लूही वाढत नाही.

काट्यासोबत हातही वापर. सत्तराव्या दिवशी वजन झालं की पिल्लू टेबलावर नीट बसव आणि कमरेवर अंगठा व बोटं ठेवून दाब. रुंद, भरीव लागली पाहिजे. मणके सुरीच्या धारेसारखे टोचत असतील तर वजन हाडांचं आणि पोटाचं आहे. मागचे पुठ्ठे खालपर्यंत भरलेले हवेत. तळव्यांवरची लव दाट हवी. विरळ लवेचा ससा कितीही जड असला तरी मी ठेवत नाही, पण हा थोडा माझा हेका आहे असं समज.

जवळच्या नात्यातल्या जोडीबद्दल तू बिचकत विचारलंस. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं जोडली की पिल्लात २५ टक्के अंतःप्रजनन येतं, सावत्र भावंडांत १२.५ टक्के. जातीचा ठसा पक्का करायला थोडं चालतं, पण त्याचा पहिला फटका वेतातल्या संख्येला आणि वाढीलाच बसतो, म्हणजे नेमकं तुला हवं त्यालाच. तीन नरांच्या तीन ओळी वेगळ्या ठेव आणि एका ओळीतल्या माद्यांना दुसऱ्या ओळीचा नर दे. त्यातही अडलीस, तर बाहेरून त्याच जातीचा नर आण. आणताना त्याचं प्रौढ वजन विचारू नकोस; तो किती पिल्लांच्या वेतातला आणि सत्तराव्या दिवशी किती किलोचा होता ते विचार. विकणाऱ्याकडे हे आकडे नसतील तर फक्त फोटो बघून पैसे देऊ नकोस.

राहिला तुझा तो लाडका पाच किलोचा नर. तो विकू नकोस, आणि लगेच सगळ्या माद्यांनाही देऊ नकोस. निम्म्या माद्यांना तो दे, निम्म्यांना दुसरा, एकाच आठवड्यात. वेतं आठ-आठवर आणून ठेव आणि २१, ३५ आणि ७० या तीन दिवसांची वजनं लिही. ती पानं मला पाठव, मग त्याचं काय करायचं ते ठरवू.

कळावे.