ओपन सोर्स प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सुरक्षेचे विषय एका प्रकरणात ठेवावेत की जिथल्या तिथे?

जिथल्या तिथे. शेवटी 'सुरक्षा' नावाचं जाडजूड प्रकरण जोडून हात झटकले की ते कुणी वाचणार नाही याची व्यवस्था झालीच म्हणून समजा.

इतकं तोडून सांगतेय, कारण याच मुद्द्यावर मी एका प्रकल्पात बरेच महिने भांडलेय. प्रकल्पाचं नाव राहू द्या. मेसेज क्यूचा, म्हणजे एका प्रोग्रामचे निरोप दुसऱ्याला मिळेपर्यंत रांगेत ठेवणारा, सर्व्हर होता आणि मी त्याचं डॉक्युमेंटेशन बघायचे. 'सुरुवात करा' या पानावर एक कमांड होती. ती जशीच्या तशी चिकटवली की सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या झाडून सगळ्या नेटवर्क इंटरफेसवर ऐकायला लागायचा आणि अ‍ॅडमिन पॅनेल जगजाहीर डीफॉल्ट पासवर्डनं उघडायचं. पासवर्ड बदला, पोर्ट बाहेरून बंद करा, हे लिहिलेलं नव्हतं असं नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणात होतं, कूटबद्ध जोडणीसाठीची टीएलएस प्रमाणपत्रं कशी बदलायची त्याच्याही खाली.

लोक तिथवर जायचेच नाहीत. पॅनेल दिसलं की काम झालं, असंच कुणालाही वाटणार. मग इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या पानावर नोंदवलेल्या तक्रारी, यायचे: माझ्या क्यूमध्ये हे परके मेसेज कुठून आले? त्यावर मुख्य मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचं, ठरलेलं उत्तर म्हणजे सुरक्षा प्रकरणाची लिंक. की इश्यू बंद.

मी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, टाकली. कमांडच्या लगेच वर दोन वाक्यं, बाकी काही नाही. आक्षेप तीन आले. आपल्या नियमावलीनुसार सुरक्षेचा मजकूर सुरक्षेच्याच विभागात जातो. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की त्यातली एक शिळी होते. आणि पहिल्याच पानावर इशाऱ्याची चौकट दिसली तर नवखा माणूस बिचकतो. पहिल्याला मी आक्षेप मानतच नाही, नियमावली आपणच लिहिलेली होती. तिसऱ्यावर मी पायथन भाषेच्या डॉक्युमेंटेशनचं उदाहरण दिलं. डेटा साठवून परत उघडणाऱ्या पिकल मॉड्यूलच्या पानावर अगदी सुरुवातीलाच लाल चौकट आहे: हे मॉड्यूल सुरक्षित नाही, विश्वासाचा असेल तोच डेटा यातून उघडा. ती वाचून लोकांनी पायथन सोडल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

दुसरा आक्षेप मात्र खरा होता आणि त्यालाही पायथनकडेच उत्तर आहे. त्यांच्या लायब्ररी संदर्भात सुरक्षेचं एक वेगळं पान आहे, पण ते मुख्यतः याद्यांचं आहे: सबप्रोसेस, टेम्पफाइल, एक्सएमएल, झिपफाइल वगैरे मॉड्यूलांच्या पानांवर जिथे धोका सांगितलाय, तिथल्या लिंका. मजकूर एकाच जागी, रस्ते दोन. मी हेच सुचवलं. चर्चा चौकटीच्या रंगावर घसरली.

शेवटी झालं असं, की डॉक्युमेंटेशनला कधी हात न लावलेल्या एका सहभागकर्त्यानं कोडच बदलला. डीफॉल्ट पत्ता १२७.०.०.१ (लोकलहोस्ट, म्हणजे फक्त त्याच मशीनवरून जोडणी) आणि पहिल्यांदा सुरू करताना पासवर्ड ठरवल्याशिवाय पॅनेल उघडत नाही. माझी पुल रिक्वेस्ट बंद झाली. खाली मेंटेनरसाहेबांचा शेरा: 'बघा, डॉक्युमेंटेशन बदलायची गरजच नव्हती.' हे वाक्य मला अजून टोचतं. अहो, इशारा कमांडपाशीच हवा, एवढंच तर मी म्हणत होते. तो कमांडच्याही आत गेला. यात तुमचं एकोणीस उपविभागांचं प्रकरण कसं काय जिंकलं?

आणि हे आमच्याच प्रकल्पात घडलं असंही नाही. २०१७ च्या जानेवारीत इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली. सुरक्षेची चेकलिस्ट त्यांच्या मॅन्युअलमध्ये होती. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी डीफॉल्टनं फक्त लोकलहोस्टवर ऐकू लागला. रेडिस या डेटा साठवणाऱ्या सर्व्हरनं त्याआधीच, ३.२ आवृत्तीमध्ये, प्रोटेक्टेड मोड आणला होता: पासवर्ड नाही, कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते ठरवलेलं नाही आणि कुणी बाहेरून जोडणी केली, तर सर्व्हर नकार देतो आणि आता काय काय करता येईल तेही त्या एररमध्येच सांगतो. मी तर त्या एररला डॉक्युमेंटेशनचंच एक पान मानते, नेमक्या वेळी उघडणारं.

आता सुरक्षेच्या उरलेल्या विषयांकडे. सुरक्षेतली त्रुटी कशी कळवायची हे मॅन्युअलच्या पोटात ठेवूच नका. ज्याला भोक सापडलंय तो तुमचा वापरकर्ता असेलच असं नाही, तो रेपोच्या, म्हणजे कोडच्या साठ्याच्या, मुळाशी सिक्युरिटी डॉट एमडी ही फाइल शोधतो. खासगीत कळवायचा पत्ता आणि कुठल्या आवृत्त्यांना अजून दुरुस्त्या मिळतात, एवढं त्यात हवंच. प्रकल्पाची वेबसाइट असेल तर आरएफसी ९११६ या दस्तऐवजात सांगितल्याप्रमाणे सिक्युरिटी डॉट टीएक्सटी ही फाइलही ठेवा. जुन्या त्रुटींची यादी वेगळी. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कची मांडणी एकदा बघून घ्या: संरक्षणं समजावणारं पान, कळवण्याचं धोरण, जुन्या त्रुटींचं संग्रहपान आणि सर्व्हरवर चढवण्याआधीची चेकलिस्ट, असं सगळं अलग. त्या चेकलिस्टचा काही भाग चेक कमांडला डिप्लॉय पर्याय देऊन आपोआप तपासताही येतो. यादी लिहायचीच असेल तर अशी लिहा.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येक सेटिंगखाली चौकट टाकत सुटलात तर आठव्या चौकटीपासून कुणी वाचत नाही. ज्यानं डेटा जातो किंवा परका आत येतो, तिथेच टाका. परवानग्यांचं मॉडेल, कुठल्या हल्ल्यापासून आपण वाचवतो आणि कुठल्या नाही, हे मात्र सलग वाचायचं असतं. ऑडिट करणाऱ्याला ते एका जागी लागतं, त्याला स्वतंत्र प्रकरण द्या. म्हणजे प्रकरण असायला माझी हरकत नाही. कमांडपाशी न लिहिण्याचं निमित्त म्हणून ते कुणी पुढे केलं, की माझी हरकत सुरू होते. तुमच्या प्रकल्पातही असं कुणी करत असेल, तर त्यांना 'सुरुवात करा' पानावरची कमांड एका रिकाम्या, इंटरनेटला जोडलेल्या सर्व्हरवर चालवायला सांगा आणि मग दुसऱ्या मशीनवरून त्या सर्व्हरचे पोर्ट स्कॅन करून दाखवा.