सातविणीच्या सालीचा अर्क मलेरियावर चालतो का, हे कोल्हापुरात राहून कसं तपासता येईल?

तुम्ही एम.एस्सी.ला आहात, आजोळी गगनबावड्याकडे थंडीतापाला सातविणीच्या सालीचा काढा देतात, आणि त्यात तथ्य आहे का हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासता येईल का, असं तुम्ही विचारलंय. अर्धं काम इथेच होतं, आणि माझ्या मते जास्त मोलाचं अर्धं तेच. मी अर्कांवरच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. तापावर चालतं ते मलेरियावर चालतंच असं नाही. व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकाराचा ताप एक दिवसाआड भरतो आणि मधल्या काळात आपोआप उतरतो. उतरण्याच्या वेळी काढा पोटात गेला की श्रेय काढ्याला जातं. त्यामुळे गावातली माहिती झाड निवडायला वापरा, पुरावा म्हणून नको.

परजीवीवरची खरी चाचणी कॉलेजात उभी करायच्या फंदात पडू नका. मलेरियाचा प्लाझमोडियम फाल्सिपेरम हा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशींतच वाढवावा लागतो. १९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी तो सलग वाढवायची पद्धत बसवली, आणि आजही जगभर तीच चालते: ३७ अंश तापमान, ऑक्सिजन कमी, माध्यम सतत बदलायचं, ताजं रक्त घालत राहायचं. सुटी घेता येत नाही. दिल्लीची राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था किंवा लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था अशा ठिकाणी मलेरियावरचं काम मुरलेलं आहे. गाईडमार्फत तिथे सहकार्य मागा.

आता इथलं काम. साल घेताना खोडाभोवती गोल सोलू नका, झाड मरतं. फांदीची थोडी घ्या. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतून काहीही आणायचं तर वनखात्याची परवानगी हवी. पानाफुलासकट नमुना दाबून शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ओळख पटवून घ्या आणि हर्बेरियमचा, म्हणजे तिथल्या वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातला, क्रमांक मिळवा. तो नसेल तर पुढचे सगळे आकडे कोणत्या झाडाचे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

साल सावलीत वाळवा, भरड दळा, मेथॅनॉलमध्ये थंडच भिजत ठेवा आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र) ४० अंशांच्या आत आटवा. सॉक्सलेट, म्हणजे गरम द्रावकाने अर्क काढणारं उपकरण, समोर दिसतं म्हणून लगेच लावू नका. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला आर्टेमिसिया या वनस्पतीच्या अर्कात सातत्य मिळेना, कारण उष्णतेने गुण जात होता. १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणारं इथर वापरल्यावर उंदरांतले परजीवी साफ झाले, आणि पुढे २०१५ चं नोबेल त्याच कामाला मिळालं. काढ्याची तुलना हवी असेल तर पाण्यात उकळलेला अर्क वेगळा करा, दोन्ही एकत्र करू नका.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो. परजीवी तांबड्या पेशीत राहतो. अर्काने पेशीच फोडली तर परजीवीही मरतो आणि आकडा झकास दिसतो. सॅपोनिन (साबणासारखी फेस करणारी द्रव्यं) असलेल्या वनस्पतींत हे हमखास घडतं. म्हणून आधी हिमोलिसिस, म्हणजे तांबड्या पेशी फुटणं, बघा. ब्लड बँकेतून रीतसर मिळालेल्या, धुतलेल्या तांबड्या पेशींचं २ टक्के मिश्रण बफरमध्ये करा, त्यात अर्क घाला, ३७ अंशांना काही तास ठेवा आणि सेंट्रिफ्यूज करा. पेशी तळाला लाल बटणासारख्या बसून वरचं पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. वरचं पाणी गुलाबी झालं, तर तुमचा अर्क मलेरियाचं औषध नाही, रक्त फोडणारं द्रव्य आहे. ५४० नॅनोमीटरला वाचन घ्या. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमधल्या पेशी म्हणजे १०० टक्के फुटणं धरा, आणि नुसतं डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावक) घातलेला कंट्रोल विसरू नका. डीएमएसओचा हिशेब असा: डीएमएसओमधला मिलिलिटरला १० मिलिग्रॅम अर्काचा साठा २०० पट पातळ केला की मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम येतात आणि डीएमएसओ अर्धा टक्का उरतं. त्याहून जास्त जाऊ देऊ नका.

सालीत टॅनिनही भरपूर असतं. ते प्रथिनांना चिकटून खोटा परिणाम दाखवतं, त्यामुळे टॅनिन काढलेला आणि न काढलेला असे दोन्ही अर्क ठेवा. रसायनशास्त्राच्या साध्या प्रयोगशाळेत हीमचे (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) स्फटिक अडतात का हेही बघता येतं, क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाचा मार्ग तोच. पण वेगळ्या मार्गाने काम करणारी द्रव्यं यात सापडणार नाहीत, तेव्हा ही चाचणी नापास झाली म्हणून झाड सोडू नका.

बाहेरच्या प्रयोगशाळेकडे जाताना ३डी७ ही क्लोरोक्विनला बळी पडणारी आणि डीडी२ सारखी दाद न देणारी, अशा दोन्ही जातींवर चाचणी मागा. आयसी५०, म्हणजे निम्मी वाढ थांबवणारी मात्रा, कच्च्या अर्कासाठी मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर फारच उत्तम, १५ पर्यंत आशादायक, ५० च्या वर गेली तर सोडून द्या. सोबत माणसाच्या पेशींवरची विषारीपणाची चाचणीही हवीच. पेशींना मारणारी मात्रा परजीवीच्या मात्रेच्या निदान दहापट असली पाहिजे. आणखी एक विनंती त्यांना जरूर करा: नुसत्या सायबर ग्रीनच्या (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) वाचनावर थांबू नका, गिम्सा हा रंग लावलेली काचपट्टीही सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गडद अर्काचा रंग चमक गिळतो आणि परजीवी मेल्यासारखे वाटतात. काचपट्टीवर निळी कडी आणि तिच्यावर लाल ठिपका शाबूत दिसला, तर तो जिवंत आहे.

सातविणीवर आधी बरंच काम झालंय आणि निकाल जेमतेम आहेत. तिच्यातलं एकिटामिन हे अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त द्रव्य) माहितीचं आहे. त्यामुळे एकाच झाडावर सगळी भिस्त ठेवू नका, सोबत कुडा हे झाडही घ्या. त्याच्यातल्या कोनेसिन या अल्कलॉइडची परजीवीविरुद्ध क्रिया नोंदलेली आहे आणि तो घाटात सहज सापडतो. आजोळच्यांना मात्र आजच सांगा: थंडी वाजून ताप आला तर काढ्यावर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. तपासणी आणि औषध दोन्ही तिथे मोफत आहे.