गलांडा फोफावतो, पण फुलत नाही

प्रश्न : ताई, दोन महिन्यांपूर्वी अंगणाच्या कडेला गलांड्याची रोपं लावली. रोज पाणी घालते, दर पंधरवड्याला शेणखत देते. रोपं गुडघाभर झाली, पण सगळी लोळतायत आणि फुलं मोजकीच. शिवाय हा फार पसरतो म्हणतात. आवरायचा कसा? – एक वाचक

उत्तर : तुम्ही त्याचं फार मनापासून करताय, पण गलांड्याला हे लाड सोसत नाहीत. हे मूळचं उत्तर अमेरिकेतल्या कोरड्या, रेताड माळांवरचं रानफूल. पानावर बोट फिरवून बघा, खरखरीत लव लागेल. पाणी जपून वापरणाऱ्या झाडाची ती खूण. खत मिळालं की ते नुसतं पानं काढत बसतं आणि स्वतःच्या भाराने आडवं होतं.

तेव्हा खत आजच बंद. माती दोन पेरं खोल कोरडी लागली तरच पाणी, तेही मुळाशी. लोळलेल्या फांद्या एक तृतीयांश छाटा, नव्या फुटव्यांवर कळ्या येतील. छाटताना हातमोजे घाला. काहींच्या हाताला याच्या रसाने खाज सुटते.

मी पहिल्या वर्षी तो चिकणमातीत लावला होता. चार दिवसांची झड लागली आणि बुंधे काळे पडले. एक रोप उपटलं, तर मुळांची साल हातात निसटून आली. फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी मातीत जाड रेती मिसळून वीतभर उंच गादी केली. तेव्हापासून एकही रोप कुजलेलं नाही.

पसरण्याचं म्हणाल, तर आपला नेहमीचा वर्षायू गलांडा बियांनी पसरतो. पाकळ्या गळल्या की केसाळ गोल गेंद उरतो. तो वाळल्यावर चिमटीत चुरडून बघा : प्रत्येक बीच्या डोक्यावर पातळ कागदी खवल्यांचा झुपका असतो, थेट बॅडमिंटनच्या फुलासारखा. गेंद हिरवा असतानाच खुडलात, तर पसरणं थांबतं आणि फुलंही वाढतात. पण हंगामाच्या शेवटचे गेंद राहू द्या, कारण जुनं रोप वर्षभरात जाणारच. बी मातीवर भुरभुरून तळहाताने दाबायचं, खोल पुरायचं नाही. एक-दोन आठवड्यांत उगवतं.

नको तिथलं रोप चार पानांचं असताना सहज निघतं. पायवाटेच्या फटीत आलेली मात्र मी कधीच उपटत नाही. माझ्याकडे सगळ्यात दाट तीच फुलतात.