वाचकांचे प्रश्न : रुग्णालयातली अग्निसुरक्षा

प्रश्न : आमच्या ट्रस्टचे तीन मजली रुग्णालय आहे. दर जानेवारी-जुलैमध्ये एजन्सी ‘फॉर्म बी’, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला देते, तो आम्ही अग्निशमन विभागाकडे सादर करतो. पण एजन्सीचा माणूस आग विझवण्याच्या सिलिंडरांवर स्टिकर लावून अर्ध्या तासात निघून जातो. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. एजन्सीचा दाखला घेतला म्हणून ती तुमच्या अंगावरून उतरत नाही.

आधी एजन्सीचा परवाना मागा. तो महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांनी दिलेला असतो. मुदत संपलेली नाही ना आणि परवान्यात कोणती कामे नमूद आहेत, हे वाचा. फक्त सिलिंडर भरण्याचे काम जमणाऱ्याकडून पंप आणि हायड्रंटचा (आगीसाठीच्या पाण्याच्या नळाचा) दाखला घेऊ नका.

मग फॉर्मवर सही होण्याआधी चाचणी तुमच्या देखत करायला लावा. वेट रायझर (सर्व मजल्यांवर जाणारा, कायम पाण्याने भरलेला उभा पाइप) असेल तर सर्वांत वरच्या, पंपापासून सर्वांत लांबच्या हायड्रंटला होज (लवचिक नळी) आणि तिच्या टोकाचा ब्रँच पाइप जोडून पाणी सोडा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तिथे दर चौरस सेंटिमीटरला किमान 3.5 किलो दाब मिळायला हवा. दाब थोडा उतरला की तो भरून काढणारा छोटा जॉकी पंप, आणखी उतरला की मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. मुख्य पंपाची वीज तोडली की डिझेल पंपाने भार घ्यायला हवा.

बहुतेक ठिकाणी घोळ इथेच असतो. पाइपमध्ये कुठेतरी गळती असते, त्यामुळे जॉकी पंप रात्रभर चालू-बंद होतो. आवाजाला कंटाळून कुणीतरी पॅनेलचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर टाकतो आणि गळती तशीच राहते. मग पंप आपोआप सुरू होत नाही आणि आग लागेल तेव्हा पंपघराची किल्ली शोधण्यातच वेळ जाणार. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली असणे, टाकीचे पाणी रोजच्या वापरात संपणे हेही नेहमीचेच. टाकीवरचा उपाय सोपा आहे : घरगुती वापराची पाइप आगीसाठी राखीव पाण्याच्या पातळीच्या वर काढा, म्हणजे राखीव साठ्याला कुणाचा हात लागत नाही. पितळी नोझल चोरीला जातात, म्हणून प्रत्येक होजबॉक्स दर आठवड्याला उघडून बघा.

एबीसी पावडरच्या सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजन करूनच तपासावा लागतो. 10 टक्क्यांहून अधिक वायू कमी झाला असेल तर पुन्हा भरून घ्या. रंगकामानंतर स्मोक डिटेक्टरवरची प्लास्टिकची टोपी काढायची राहून गेली नाही ना, हेही पाहा. टोपीखालचा डिटेक्टर धूर ओळखत नाही. स्प्रिंकलरच्या (आगीच्या उष्णतेने उघडून पाणी फवारणाऱ्या छताच्या नळाच्या) तोंडावर रंग लागला असेल तर तो घासून साफ करू नका, स्प्रिंकलरच बदला.

प्रश्न : दुसऱ्या मजल्यावर नवा आयसीयू होतो आहे. इंटेरियरवाला म्हणतो, वायरिंगपासून सीलिंगपर्यंत सगळे मीच करतो. चालेल का?

उत्तर : वायरिंग नाही. त्यासाठी परवानाधारक विद्युत कंत्राटदारच हवा. आग विझवण्याच्या यंत्रणेचा परवाना वायरिंगला चालत नाही आणि इंटेरियरवाल्याकडे सहसा दोन्ही नसतात.

9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली आणि 10 बाळे दगावली. अशा कक्षात रुग्ण स्वतःहून उठून पळू शकत नाही, म्हणून जिन्यापेक्षा आधी त्याच मजल्यावर सुरक्षित जागा हवी. मजला अग्निरोधक भिंतीने विभागा, भिंतीतले दार 120 मिनिटे आग अडवणारे आणि खाट निघेल एवढे रुंद घ्या. ती भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबवू नका, वरच्या स्लॅबपर्यंत न्या. सीलिंगवरून धूर शेजारच्या कक्षात जातो आणि खालच्यांना तो दिसतही नाही. केबल व पाइपची छिद्रे अग्निरोधक मालाने भरा. फटी बुजवायचा नेहमीचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम चालणार नाही, तो स्वतःच पेटतो.

इथे एसी, व्हेंटिलेटर, वॉर्मर 24 तास चालतात. सैल जोड तापतात, त्यामुळे प्रत्येक खाटेला स्वतंत्र सर्किट द्या आणि एक्स्टेंशन बोर्ड नकोतच. ऑक्सिजनचा कक्षनिहाय व्हॉल्व्ह परिचारिकेच्या हाताशी, दाराजवळ बसवा. आगीत तो कुणी आणि कुणाच्या आदेशाने बंद करायचा, हे आधी ठरवा, कारण बंद करताच व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना सुटे सिलिंडर लागतात.

प्रश्न : चोरीच्या भीतीने मागच्या जिन्याला कुलूप लावतो. किल्ली वॉचमनकडे असते.

उत्तर : कुलूप आजच काढा. आतून ढकलताच उघडणारा पॅनिक बार बसवा आणि दार उघडले की वाजणारा अलार्म जोडा. चोरी त्यानेही लक्षात येते.