पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसमध्ये रोगप्रतिकारक पेशी यकृताची इजा वाढवतात का? मग स्टिरॉइड देऊन त्यांना दाबत का नाहीत?

कारण त्या मोडतात त्यापेक्षा सावरतात जास्त.

पहिला घाव रसायनाचा असतो. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात नॅपक्वी या विषारी पदार्थात बदलतो. नेहमीच्या मात्रेत यकृतातले ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला निकामी करते. एकदम खूप गोळ्या पोटात गेल्या की ग्लुटाथायोन संपते, नॅपक्वी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या प्रथिनांना चिकटतो आणि यकृतपेशी मरतात.

मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेले पदार्थ यकृतात कायम मुक्कामाला असलेल्या कुप्फर या रोगप्रतिकारक पेशींना कळतात. त्यांनी सोडलेल्या संदेशांमुळे आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मागोमाग रक्तातल्याच दुसऱ्या पांढऱ्या पेशी, मोनोसाइट. न्यूट्रोफिल नुकसानात किती भर घालतात यावर अजून वाद आहे. मोनोसाइटचे वागणे उंदरांत चांगले तपासले गेले आहे. सुरुवातीला ते दाह वाढवतात, पण मृत पेशी गिळता गिळता त्यांचा स्वभाव पालटतो आणि साधारण 48 ते 72 तासांत तेच दाह शमवून दुरुस्तीला हातभार लावतात. कुप्फर पेशी आधीच नष्ट केलेल्या उंदरांत तर इजा वाढलेली दिसली. शिवाय यकृत निकामी झालेल्या रुग्णाला जंतुसंसर्गाचा मोठा धोका असतो. त्यात प्रतिकारशक्ती दाबणे मला धोक्याचेच वाटते.

ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये मात्र टी पेशी या रोगप्रतिकारक पेशीच यकृतावर हल्ला करतात, म्हणून तिथे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड लागू पडते.

पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसवर खरे औषध एन-ॲसिटिलसिस्टीन. ते ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढते. शिरेतून देण्याची रूढ पद्धत: वजनाच्या दर किलोला पहिल्या तासात 150 मिग्रॅ, पुढच्या 4 तासांत 50, त्यापुढच्या 16 तासांत 100. म्हणजे 60 किलोच्या माणसाला एकूण 18 ग्रॅम. गोळ्या घेतल्यापासून 8 तासांच्या आत सुरू झाले तर यकृत बहुधा वाचते. उशीर झाला तरी द्यायचेच.

घोळ होतो तो वाट पाहण्यात. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही, एसजीपीटीही (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) नॉर्मल येऊ शकते, आणि घरचे निर्धास्त होतात. कावीळ दिसेपर्यंत थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. पुढे एसजीपीटी उतरू लागली तरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) पाहा. तोही उतरत असेल तर यकृत सावरते आहे. तो चढत असेल तर एसजीपीटी उतरते आहे ती मरायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून, आणि अशा रुग्णाला प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्रात ताबडतोब हलवावे लागते.