परांचीवरून पडलेला माणूस स्वतः उठून बसला, तरीही

आपण विचारले आहे की, सुमारे 3 मीटर उंचीच्या परांचीवरून पडलेला गवंडी स्वतःच उठून बसला, 'काही झाले नाही' म्हणाला, सहकाऱ्यांनी त्याला पाणी पाजले आणि तासाभराने तो पुन्हा कामाला लागला; यात काही चुकले का? माझ्या मते चुकले, आणि मोठी चूक म्हणजे त्याचा शब्द प्रमाण मानला गेला. रोज बुडेल या भीतीने 'मी ठीक आहे' म्हणणारे कामगार मी पुष्कळ पाहिले आहेत.

डोक्याला मार लागून कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागले, तर माणूस काही वेळ शुद्धीवर, बोलता-चालता राहतो आणि काही तासांनी एकाएकी ढासळतो. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांच्या आकारातला फरक, कानातून किंवा नाकातून झिरपणारे पाणी, यांपैकी काहीही दिसले तर क्षणही न दवडता रुग्णवाहिका बोलवावी. प्लीहा किंवा यकृत फाटले असेल तरीही सुरुवातीला वरून फारसे काही दिसत नाही. म्हणून इतक्या उंचीवरून पडलेल्याची त्याच दिवशी, तो नको म्हणाला तरी समजूत घालून, डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. तोवर पाणीही देऊ नये, कारण शस्त्रक्रियेची वेळ आल्यास पोटातले द्रव भूल देताना श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

जो उठू शकत नाही, त्याला चौघांनी हातपाय धरून उचलणे हा प्रकार मात्र कटाक्षाने थांबवावा. मणका मोडलेला असल्यास त्या उचलण्यानेच मज्जारज्जूला इजा होऊ शकते. वरून काही कोसळण्याचा धोका नसेल तर त्याला जागीच ठेवावे, डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे आणि श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास थांबला, तर मणक्याची काळजी बाजूला ठेवून मिनिटाला 100 ते 120 या वेगाने छातीवर दाब देणे सुरू करावे. अंगात सळई घुसली असेल तर ती उपसू नये; तीच रक्त अडवून धरत असते.

पडझडीपेक्षा मला अधिक भीती मदतीला धावणाऱ्यांची वाटते. एका साइटवर खोदाईची बाजू ढासळली, तेव्हा दोघे जण फावडी घेऊन खाली उतरू लागले होते आणि मुकादमाने त्यांना अक्षरशः मागे ओढले. काही मिनिटांतच समोरची बाजूही बसली. एक घनमीटर मातीचे वजन साधारण दीड टन असते, त्यामुळे खड्ड्याच्या बाजूंना आधार दिल्याशिवाय आत कोणीही उतरू नये. विजेच्या धक्क्यातही आधी पुरवठा तोडावा, मगच हात लावावा.

आपल्या बाबतीत आज दोन गोष्टी कराव्यात: त्या गवंड्याला तपासणीसाठी पाठवावे, आणि पडण्याचे कारण कळावे म्हणून, परांचीची दुरुस्ती होण्यापूर्वी फळ्या, कठडे व बांधणी यांची छायाचित्रे काढून, पाहणाऱ्या प्रत्येकाचे म्हणणे वेगवेगळे लिहून घ्यावे.