प्रथम वर्षाला संख्याशास्त्र शिकवताना प्रोजेक्टचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की प्रथम वर्षाच्या मुलांकडून स्वतःचा प्रोजेक्ट करून घेतला तर संख्याशास्त्र कळतं, की नुसत्या फाइली जमा होतात? मी नाशिकला कॉलेजात हाच विषय शिकवते. पहिली दोन वर्षं माझ्याकडेही फाइलीच जमा झाल्या, कारण विषय मी देत होते: मोबाइलचा वापर, अभ्यासाचे तास वगैरे. मुलं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकायची आणि संध्याकाळपर्यंत जी उत्तरं येतील ते झाले 'नाशिकमधले तरुण'. सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप), रंगीत आलेख, सगळं जागच्या जागी. शिकलं मात्र कुणी काही नाही.

आता प्रश्न मुलं आणतात, गुगल फॉर्म बंद, आणि जे मोजायचं ते स्वतःच्या हातानं.

दिंडोरी तालुक्यातली एक मुलगी होती, घरची द्राक्षबाग. तिचा प्रश्न असा, की बांधाकडच्या ओळीतले मणी आतल्या ओळींपेक्षा मोठे असतात का? फिजिक्सच्या लॅबमधला व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, घेऊन गेली आणि मण्यांची मापं घेऊन आली. सरासरी इतकी चांगली की तिचे वडीलच म्हणाले, "सगळा माल असा असता तर व्यापाऱ्यानं भाव पाडला असता का?" वर्गात मी एवढंच विचारलं, "मणी निवडलास कसा?" थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हात आपोआप मोठ्या मण्याकडंच जातो." नमुना कलता कसा होतो, म्हणजे मोजायला निवडलेल्या वस्तू नकळत एकाच बाजूला कशा झुकतात, यावर मला त्या दिवशी वेगळं लेक्चर घ्यावं लागलं नाही.

पुढच्या रविवारी तिनं ओळींना, झाडांना, घडांना नंबर दिले आणि चिठ्ठ्या टाकल्या. घडातला मणी वरचा, मधला की खालचा, हेही चिठ्ठीनंच ठरवलं. सरासरी खाली आली. शिवाय एकाच घडातल्या मण्यांत जेवढी तफावत, तेवढाही फरक दोन ओळींच्या सरासरींत नव्हता. 'हा फरक योगायोगानंही पडू शकतो का?' हे मग वर्गानंच विचारलं, आणि टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासायची पद्धत, तिथून सुरू झाली.

त्याच तासाला मी संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्याबद्दल सांगितलं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा हा माणूस. पीक कापणी प्रयोगात शेताचा एक तुकडा आखून तेवढंच पीक कापून मोजतात आणि त्यावरून सगळ्या उत्पन्नाचा अंदाज काढतात. हा तुकडा फार लहान असेल तर कडेची झाडं आत धरली जातात आणि उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. मुलीचा चेहरा उजळला. तिच्यासारखीच, अंदाज फुगवणारी चूक एवढ्या मोठ्या माणसानं अभ्यासलेली होती!

करायचं कसं, तर तिघांचा गट पुरे. पहिल्या १० नोंदी दाखवल्याशिवाय पुढं जाऊ देऊ नका. बहुतेक घोटाळे तिथंच सापडतात. एका गटानं नाशिकमधल्या निमाणीच्या थांब्यावर बससाठी लोक किती वेळ थांबतात ते टिपलं होतं, आणि झाडून सगळे आकडे ५ किंवा १० मिनिटांच्या पटीत. म्हणजे घड्याळ न बघता अंदाजे लिहिलेले. परत पाठवलं त्यांना. मूळ वही, खाडाखोडीसकट, मागून घ्या.

गुण फाइलला नको, तोंडी परीक्षेला द्या. साठ मुलांचे वीस गट, प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर साडेतीन तासांत आटोपतं. फाइली तपासायला मला याहून जास्त वेळ लागायचा.